कॉलरचे सदतीस सेकंद

सदतीस सेकंद

आई शर्टाला कॉलर लावते. उचलते, जुळवते, सुईखाली सरकवते, वळवते, पुन्हा वळवते, तोडते, पुढे टाकते.

झालं.

वरची ओळ वाचायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ. मी मोजलंय, तिला न सांगता, तिच्या पाठीमागे बसून. मी कफ लावते. सहा वर्षं तिची पाठ बघतेय. कॉलर वळवताना तिचा उजवा खांदा जरा उचलला जातो, तेवढाच पुरावा की ती काहीतरी करतेय. एरवी ती बसल्यासारखी बसलेली असते.

कारखान्यात तिला मोटर म्हणतात. "मोटर आली का गं?" "मोटर आज रजेवर, लाइन झोपली." तोंडावरही म्हणतात. तिला आवडतं.

लाइनीत आम्ही बावीसजणी. एकीने खिसा लावला की शर्ट पुढे, दुसरीने बाही लावली की पुढे. सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत वेळखाऊ काम कॉलरचं, आणि ते एकटी आई करते. कॉलर ज्या चालीने सुटेल त्याच चालीने पुढच्या-मागच्या सगळ्या. म्हणजे एकवीस बायकांनी पाणी कधी प्यायचं, हे आईचा उजवा खांदा ठरवतो.


एक आठवडा

वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातून वेळ मोजणारा साहेब येतो, आमचा टिकटिक. हातात फळी, फळीवर कागद, गळ्यात घड्याळ. प्रत्येकीमागे उभा राहून तिचं काम सेकंदांत मोजतो. शेवटी एक आकडा भिंतीवरच्या पाटीवर लागतो, कॉलरचा. लाइनीने तेवढ्या सेकंदांना एक शर्ट काढायचा. तो आकडा वर्षभर हलत नाही. हलवायचा नाही हा ऑफिसचाच नियम, कारण हलायला लागला तर आम्ही बाराही महिने नाटक करू.

आता करतो ते एकच आठवडा. नव्या मुलीला सुई ओवायच्या आधी हे शिकवतात: पहिला आठवडा हळू. पहिल्या आठवड्यात सुई नव्या नवरीसारखी चालली पाहिजे, बघत बघत, लाजत लाजत. मग वर्ष बरं जातं.

गेल्या वर्षी सगळ्या लाजल्या. आई लाजली नाही. टिकटिक मागे उभा राहिला आणि तिने सदतीस करून दाखवले, पाचही वेळा. पाटीवर सदतीस लागले.

त्या वर्षाबद्दल मी जास्त सांगत नाही. काजवाली काज करता करता स्वतःच्या बोटात सुई घालून घेऊन घरी बसली. खिसेवालीने दिवसदिवस पाणी सोडलं, कारण प्यायलं की जावं लागतं आणि गेलं की शर्ट साठतात. तिला मुतखडा झाला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी खिसेवालीने मला फाटकापाशी गाठलं.

"तुझ्या आईला सांग."

"काय सांगू?"

"तुला ठाऊक आहे काय. यंदा पन्नासच्या खाली आली तर तिच्या खुर्चीत सुया खोवून ठेवेन. टोकं वर करून."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर भांडण. तू सांगितलंस तर घरगुती गोष्ट."


तीन दिवस सुटी

मी तिला सांगितलं नाही. मी हुशारी केली.

फोनवर एक लेख आला होता. नव्या वर्षात उडी मारू नका, थंड पाण्यात उतरतो तसे पायाने चाचपत उतरा. एका वेळी एकच काम. चहा पिताना फक्त चहा. चालताना फक्त चालणं. मला वाटलं, तीन दिवस हिला घरात हळू करते. घरात हळू झाली की मशीनवर आपोआप होईल, माझ्या तोंडून काही निघायला नको.

पहिला दिवस, चहा.

"बस ना."

"बसून काय, तोच चहा." ती ओट्यापाशी उभी, अर्धा कप संपलेला.

"एका कपाला बारा मिनिटं लागली पाहिजेत असं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याच्या घरी भांडी दुसरं कोणी घासत असेल."

पण बसली. माझ्या हट्टापायी खिडकीशी बसली, कप उजव्या हातात धरून, आणि मी म्हटलं म्हणून बाहेर बघायला लागली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गादी झटकत होतं. आई त्या गादीकडे बघत होती. आणि कप तिच्या हातातून निघाला.

निसटला असं नाही म्हणत. निसटला की माणूस दचकतं, हात झेपावतो. हा नुसता निघाला, पाहुणा उठून जातो तसा. ती गादीकडेच बघत राहिली. फरशीवर फुटल्याचा आवाज झाला तेव्हा तिने हाताकडे पाहिलं.

"हात ओला होता," ती म्हणाली.

हात ओला नव्हता.

दुसरा दिवस, गाजरं.

आई गाजरं चिरते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारी कोणी टाइप करतंय. मी म्हटलं, "सावकाश चिर, एकेक चकती बघून." तिने सुस्कारा टाकला आणि सुरी डाव्या हातात घेतली.

"डाव्या?"

"तूच म्हणतेस ना सावकाश. मग डाव्याने होईलच सावकाश."

मी हसले. सुरी काढून तिच्या उजव्या हातात दिली. एक चकती. दुसरी. तिसरीला गाजर घरंगळलं, ते धरायला उजवाच हात पुढे गेला, सुरी वाकडी फिरून त्याच हाताच्या तर्जनीवर बसली. गाजराची चकती लाल झाली, फळी लाल झाली, आणि आई चौथी चकती कापायच्या तयारीत.

"आई, रक्त!"

तिने बोटाकडे पाहिलं, जसं शेजाऱ्याच्या पोराकडे बघावं, पडलंय खरं, पण आपलं नाही.

मी तिला हळू व्हायला शिकवत होते, आणि ती जिथे हळू होत होती तिथे फुटत होती.

तिसरा दिवस. शिकवणी बंद. बोटाची पट्टी बदलताना मी तिच्या अंगठ्याच्या पेरात नख रुतवलं, जोरात. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "झाली का पट्टी?"

"किती दिवस झाले?"

तिने पट्टीचं टोक शोधलं.

"आई, किती दिवस?"

"आठ-नऊ महिने. अंगठा आणि ही दोन बोटं. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या."

"डॉक्टर?"

"गेले होते. म्हणाला, विश्रांती द्या, काम हळू करा. तुझ्यासारखाच शिकलेला." पट्टीचं टोक तिने दातांनी तोडलं. "करून बघितलं. हळू केलं की हात मला विचारतो, आता काय? मला काय ठाऊक? मला कापड लागतच नाही बोटांना. जोरात असलं की तो विचारत नाही. आपला आपला जातो."

"आणि कारखान्यात कळलं तर?"

हे विचारायची गरज नव्हती. हात गेलेल्या बायका मागच्या टेबलावर जातात, तयार शर्टांचे सुटे धागे तोडायला. तिथून तीन-चार महिन्यांत घरी. आईच्या आधीची कॉलरवाली तशीच गेली होती. तिची खुर्ची आईला मिळाली, त्याला आता तीस वर्षं झाली.

"मग यंदाही सदतीस?" मी विचारलं.

"यंदा छत्तीस करेन," आई म्हणाली आणि हसली.

ती गंमत नव्हती.

"आणि वर्षभर पुरेल हात?"

ती उठून फरशी पुसायला लागली. स्वच्छ होती ती.


तीन दिवस, काम

लाइन अशी हळू चालली होती की बघणाऱ्याला वाटावं सगळ्यांना एकदम ताप आलाय. खिसेवालीने एकच सुई तीनदा ओवली. बाहीवालीने चष्मा पुसला, वर धरला, परत पुसला. एकीने कात्री शोधली, कात्री तिच्या मांडीवर होती.

टिकटिक सगळं बघत होता. त्याला ठाऊक असतं. आम्हालाही ठाऊक असतं की त्याला ठाऊक आहे. म्हणून त्याच्या कागदावर दोन रकाने असतात. पहिल्यात सेकंद. दुसऱ्यात टक्का: बाई किती जीव लावून काम करतेय, त्याचा त्याने बांधलेला अंदाज. पूर्ण जीव लावला असं वाटलं तर शंभर. सोंग वाटलं तर ऐंशी, सत्तर. मग सेकंदांना टक्क्याने छाटायचं. शंभर सेकंद लावलेस आणि सत्तर टक्के मिळाले की तुझे सत्तरच सेकंद. सोंग जेवढं मोठं तेवढी कात्री मोठी. म्हणून जुन्या बायका बेताचं सोंग करतात.

कॉलर चौथ्या दिवशी मोजायची होती. तोवर आई नेहमीसारखीच बसली होती, मोटर.

"सांगितलंस का?" खिसेवाली.

"सांगितलं," मी खोटंच म्हटलं.

"मग?"

"बघू."

"बघू म्हणजे ती म्हणाली बघू, की तू म्हणतेस बघू?"

मी पुढचा कफ उचलला, म्हणून तिसऱ्या दिवशी चहाच्या सुटीत ती सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली. मी बाजूलाच होते.

"ताई, गेल्या वर्षी डॉक्टरने मला विचारलं, पाणी का पीत नाही? काय सांगू त्याला? आमच्या लाइनीत मोटर बसवलीय?"

आई कपात बघत होती. कप दोन्ही हातांनी धरला होता.

"मी भांडायला नाही आले. यंदा दुसरा खडा आहे. मला जमणार नाही, एवढंच सांगते. ऑफिसवाले उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांना काय. पण तुम्ही तर आमच्यातल्या ना?" तिने हात जोडले, थट्टेने जोडतात तसे, पण मग ते तसेच राहिले.

आई त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा निवतोय तुझा."


एकसष्ट सेकंद

चौथा दिवस. टिकटिक आईच्या मागे, म्हणजे माझ्या आणि तिच्या मध्ये, येऊन उभा राहिला. मला तिची पाठ दिसेना. मी मशीन थांबवून बाजूला झुकले.

घड्याळाचा आवाज. टिक्.

उचलणे. कॉलरचा गठ्ठा डावीकडे. दोन कॉलरी चिकटून आल्या. रोज त्या बोटांना कळतात. आज तिने वाकून डोळ्यांनी पाहिल्या, चिमटीत पकडल्या, सुटल्या, पकडल्या. नऊ सेकंद.

जुळवणे. कॉलरचं टोक शर्टाच्या गळ्याला. खाली गेलं. परत वर. मी मनात ओरडत होते, जोरात जा, जा ना, हाताला विचारू देऊ नकोस. पंधरा.

सरकवणे. ती थांबली. खरोखर थांबली. उजवा हात सुईपाशी होता आणि त्याला काहीच—

वळवणे. खांदा नाही उचलला.

तोडणे. धागा चिमटीत येईना.

टाकणे. टाकली नाही, ठेवली.

"एकसष्ट," टिकटिक म्हणाला.

मागून खिसेवाली कुजबुजली, "अगं बाई, मोटर नाटकातही पहिली!" तिच्या आवाजात आनंद होता, जवळजवळ रडू. बावीसजणींत कोणी हसलं. आई हळू झाली होती. त्यांच्यासाठी झाली होती. मलाच एकटीला दिसत होतं की हे सोंग नाही.

पाच वेळा मोजलं. एकसष्ट, चौसष्ट, साठ, त्रेसष्ट, साठ. मग टिकटिकने दुसऱ्या रकान्यात लिहिलं, आणि लिहिताना तोही हसत होता.

"बाई, तीस वर्षांचा हात आणि हे सोंग? गेल्या वर्षी सदतीसला केलंत. मी काय दूधखुळा आहे? साठ टक्के. छत्तीस-सदतीसच्या मध्ये येतंय. यंदा छत्तीस धरतो."

लाइनीतलं हसू बंद पडलं. खिसेवालीने हातातला शर्ट खाली ठेवला.

मी उठले. "साहेब—"

"तू बस," आई म्हणाली. मागे न बघता.

मी उभीच राहिले.

"साहेब, ते साठ खोडा."

"का?"

"शंभर लिहा."

"शंभर म्हणजे पूर्ण जीव लावून. हे पूर्ण जीव लावून होतं?"

"हो."

टिकटिकने फळी छातीशी धरली. "बाई, माझी चेष्टा करू नका. मला वर तोंड दाखवायचंय."

आईने मशीनवरच्या टाचण्यांच्या छोट्या गादीतून एक टाचणी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "टोचा."

"अहो काय?"

"इथे. अंगठ्यात टोचा."

त्याचे कान लाल झाले. तो एक पाऊल मागे सरकला, माझ्या मशीनला धडकला. आईने मग स्वतःच टोचली. तर्जनीला पट्टी होती, म्हणून मधल्या बोटात. बोटाकडे न बघता, त्याच्या तोंडाकडे बघत, टाचणी अर्धी आत जाईस्तोवर. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. काढली तेव्हा एक थेंब आला आणि तिने हात चटकन पांढऱ्या कापडापासून लांब धरला. सवय.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही.

"मग... मग रोज सदतीस कसे होतात?" टिकटिकने हळू आवाजात विचारलं.

"अंधारात घरचा जिना उतरतो ना आपण, तसे. पाय मोजत नाहीत, पाय जातात. पण कधीतरी एखादी पायरी नसेल, साहेब. आणि मागे एकवीसजणी आहेत."

खिसेवालीच्या तोंडावर हात होता.

टिकटिकने फळी पुन्हा समोर धरली. त्याने साठ खोडले. मग एकसष्ट, चौसष्ट, सगळेच खोडले. आईने पटकन विचारलं, "हे का?"

"आजारी हाताचा वेळ धरता येत नाही. नियम आहे. धड माणूस मोजावा लागतो." त्याने मान वर केली नाही. "आणि मला इथे कारण लिहावं लागेल. लिहिलं की तुम्ही या मशीनवर..."

"लिहा."

"विचार करा."

"तीन दिवस तोच केला."

"मग कॉलर दुसरी कोणाला येते?"

आईने खुर्ची मागे ढकलली. उठली. माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता, माझ्यावर नाही, पण मीच समोर होते. "हिला येते. माझी मुलगी आहे."

मला ती खुर्ची नको होती. मी मान हलवली.

"बस म्हणते ना. यांचा खोळंबा होतोय."


चौपन्न सेकंद

खुर्ची गरम होती.

मी कॉलर उचलली आणि मला कळलं की माझी अडचण उलटीच आहे. माझ्या बोटांना सगळं लागत होतं, कापडाची वीण, कडेचा दोरा. आणि सहा वर्षं त्या खांद्याकडे बघून बघून माझ्या अंगात ती चाल भिनली होती. हात धावायला निघाला. त्याला दाखवायचं होतं की मी कोणाची मुलगी. एकवीसजणी बघत होत्या, आणि मला खरंच, लाज वाटते सांगायला, छत्तीस करावेसे वाटले.

"घाई कशाला?" आई बाजूला उभी होती, बोटाला चिंधी गुंडाळत. "आख्खं वर्ष पडलंय."

मी हात थांबवला. परत सुरू केला. जुळवताना थांबले. वळवताना श्वास घेतला. लेखात होतं तसं, एका वेळी एकच काम, फक्त कॉलर. एवढं अवघड मी काही केलं नव्हतं.

चौपन्न. मग पंचावन्न, त्रेपन्न, चौपन्न, चौपन्न.

टिकटिकने माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. तो या कामासाठीच नेमलेला माणूस आहे, धावणारा हात आवरून धरलेला त्याला दिसतो. दुसऱ्या रकान्यावर त्याची पेन्सिल दोनदा टेकली, दोनदा उठली. त्याने नव्वद लिहिलं आणि कोणाकडेही न बघता पुढे गेला.

एकोणपन्नास. दुपारी पाटीवर लागलं.

खिसेवालीने पाण्याची बाटली उघडली आणि सगळ्यांदेखत अर्धी रिकामी केली. मग ती उठून मागच्या टेबलाकडे गेली. आई तिथे बसली होती, धागे तोडायच्या पहिल्या शर्टासमोर. खिसेवाली तिच्याशी काहीतरी बोलायला गेली होती, पण नुसतीच उभी राहिली, आणि आई म्हणाली, "जा, शर्ट साठतील तुझे."

"नाही साठत आता, ताई."

"मग जाऊन बस जरा."

सुपरवायझरबाई आईच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "होऊ द्या सावकाश. इथे काही घाई नसते." चांगुलपणाने म्हणाली. आईने छोटी कात्री डाव्या हातात घेतली. धागा शोधायला शर्ट डोळ्यांजवळ नेला. सापडला. कात्री चुकली. परत नेला.

मी तिच्याकडे किती वेळ बघत होते, माहीत नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "कॉलर." रागाने नाही, आठवण करून देतात तसं. माझ्यापुढे तीन शर्ट थांबले होते.

मी पहिला उचलला.